पुरावा कोणाचा, तुलना कोणाशी?

दिवस गेल्याचे कळले की नैराश्यावरच्या किंवा बायपोलर आजारावरच्या गोळ्या त्याच दिवशी बंद करायच्या, हा अलिखित नियम आपल्या घरांत आणि बऱ्याच दवाखान्यांतही रूढ आहे. त्यामागची काळजी खरी असते. पोटातल्या बाळाला इजा व्हावी असे कोणालाच वाटत नाही. मात्र हेतू चांगला असला म्हणून निर्णय बरोबर ठरत नाही. तो कोणत्या पुराव्यावर घेतला, तो पुरावा कसा गोळा झाला आणि त्यात तुलना कोणाची कोणाशी केली, हे विचारावे लागते. माझे म्हणणे असे आहे की गरोदर आणि बाळंतीण स्त्रियांच्या मानसिक आजारांबाबतची भीती आणि त्याच क्षेत्रातला निर्धास्तपणा, हे दोन्ही अनेकदा अर्धवट पुराव्यावर उभे राहिले आहेत. सगळा पुरावा एकत्र मांडून पारखला तेव्हा चित्र पालटले, कधी औषधाच्या बाजूने, तर कधी त्याच्या विरुद्ध. म्हणून या स्त्रियांना औषध द्यावे की देऊ नये याचे एकच सरसकट उत्तर शोधण्यापेक्षा पुरावा पारखण्याची शिस्त अंगी बाणवणे जास्त गरजेचे आहे.

मुळात हा पुरावा इतका तोकडा का, यालाही इतिहास आहे. १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाइड हे झोपेचे औषध बाजारात आले आणि गरोदरपणातल्या मळमळीवरही ते सर्रास दिले जाऊ लागले. १९६१ च्या अखेरीस ते मागे घेतले गेले, तोवर जगभरात हातापायांत गंभीर व्यंग असलेली दहा हजारांहून अधिक बालके जन्मली होती. या आघातातून औषधांच्या चाचण्यांचे नियम कडक झाले, आणि ते व्हायलाच हवे होते. परंतु त्याच भीतीपोटी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९७७ मध्ये मूल होऊ शकणाऱ्या वयाच्या स्त्रियांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून वगळण्याची सूचना केली. ती १९९३ मध्ये मागे घेतली गेली, तरी गरोदर स्त्रिया आजही बहुतेक चाचण्यांबाहेरच असतात. त्याचा परिणाम उलटाच झाला. चाचणीत देखरेखीखाली, लेखी संमतीने आणि थोड्या जणींवर जे तपासता आले असते, ते प्रत्यक्ष वापरात लाखो स्त्रियांवर कोणतीही नोंद न ठेवता घडत राहिले. चाचणीतून वगळल्यामुळे स्त्री सुरक्षित झाली नाही, तिच्या वाट्याला आलेला धोका तेवढा नोंदीबाहेर गेला.

चाचण्या नाहीत, मग माहिती कुठून येणार? ती येते नोंदवहीतून, आणि नोंदवहीत काय लिहिले जाते यावर निष्कर्ष ठरतो. लिथियमचे उदाहरण यासाठी फार बोलके आहे. बायपोलर आजारावरचे हे जुने आणि प्रभावी औषध. १९६०च्या दशकाच्या अखेरीस डेन्मार्कमध्ये गरोदरपणी लिथियम घेतलेल्या स्त्रियांच्या बाळांची नोंदवही सुरू झाली आणि पुढे इतर देशांतूनही नोंदी आल्या. काही वर्षांत २२५ बाळांची माहिती जमली. त्यांपैकी १८ जणांना हृदयाचे दोष होते आणि त्यांतल्या ६ बाळांना एबस्टाइन विकृती हा एरवी साधारण वीस हजारांत एकाला होणारा दोष होता. यावरून धोका सुमारे ४०० पट वाढतो असे गणित मांडले गेले आणि ते पाठ्यपुस्तकांत जाऊन बसले. यातली गोम अशी की नोंदवहीत माहिती पाठवणे ऐच्छिक होते. ज्या डॉक्टरांच्या हातून व्यंग असलेले बाळ जन्मले, त्यांनी आवर्जून कळवले. ज्यांच्याकडे धडधाकट बाळ जन्मले, त्यांना पत्र लिहिण्याचे कारणच वाटले नाही. अंश पूर्ण नोंदला गेला आणि छेद अर्धामुर्धा राहिला.

ही चूक दुरुस्त व्हायला बराच काळ गेला. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या सरकारी विमा योजनेतील तेरा लाखांहून अधिक गर्भारपणांची माहिती तपासली गेली. तिथे छेद पूर्ण होता, कारण बाळ निरोगी असो वा नसो, नोंद आपोआप होत होती. लिथियम घेतलेल्या ६६३ स्त्रियांच्या बाळांत हृदयदोषाचे प्रमाण शंभरात २.४१ निघाले, न घेतलेल्यांच्या बाळांत १.१५. इतर फरक वजा केल्यावर धोका सुमारे दीडपट ते पावणेदोनपट उरला. शिवाय तो मात्रेवर अवलंबून होता: दिवसाला ६०० मिलिग्रॅमपर्यंत वाढ नगण्य, ९०० मिलिग्रॅमच्या वर मात्र तिपटीहून जास्त. म्हणजे धोका आहे, तो खरा आहे, पण तो शंभर बाळांमागे साधारण एका जादा बाळाइतका आहे आणि मात्रा सांभाळून कमी करता येण्यासारखा आहे. ‘चारशे पट’ या आकड्याने किती जणींचे स्थिर चाललेले उपचार तुटले असतील, याची मोजदाद कुठेच नाही. पट सांगणारा आकडा एकटा वाचू नये, हेही यातून शिकायचे. वीस हजारांत एक ही शक्यता चारशेपट झाली तरी ती पन्नासात एक होते. मूळ प्रमाण किती, हे कळल्याशिवाय ‘पट’ हा शब्द फक्त घाबरवू शकतो, निर्णयाला मदत करू शकत नाही.

नोंदवहीत वाईट बातमी जास्त पोहोचते, तर वैद्यकीय नियतकालिकांत चांगली. २००८ मध्ये एरिक टर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नैराश्यावरच्या १२ औषधांच्या ७४ चाचण्यांची, अमेरिकेच्या औषध प्रशासनाकडे नोंदलेली मूळ माहिती काढली आणि छापून आलेल्या लेखांशी ताडून पाहिली. प्रशासनाच्या दप्तरात यशस्वी ठरलेल्या ३८ चाचण्यांपैकी ३७ प्रसिद्ध झाल्या होत्या. उरलेल्या ३६ अयशस्वी किंवा संशयास्पद चाचण्यांपैकी २२ छापल्याच गेल्या नाहीत आणि ११ यशस्वी असल्यासारख्या मांडल्या गेल्या. फक्त लेख वाचणाऱ्या डॉक्टरला ९४ टक्के चाचण्या यशस्वी वाटणार होत्या, प्रत्यक्षात तो आकडा ५१ टक्के होता. यावरून ही औषधे निरुपयोगी आहेत असा अर्थ काढणे चुकीचे ठरेल. २०१८ मध्ये आंद्रेआ चिप्रियानी यांच्या गटाने अप्रकाशित माहितीही मिळवून ५२२ चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा अभ्यासलेली सर्व २१ औषधे प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषधासारख्याच दिसणाऱ्या निष्क्रिय गोळीपेक्षा, सरस ठरली. फक्त तो सरसपणा जाहिरातीइतका मोठा नव्हता. लिथियमच्या नोंदवहीत आणि छापून आलेल्या चाचण्यांत दोष एकच होता, तो म्हणजे निवडक माहिती. एकीकडे त्याने अवास्तव भीती निर्माण केली, दुसरीकडे अवास्तव आशा. म्हणूनच उलटसुलट सगळे अभ्यास, छापलेले आणि न छापलेले, आधी ठरवलेल्या पद्धतीने गोळा करून पारखणे याला पर्याय नाही.

माहिती पूर्ण जमली तरी दुसरा प्रश्न उरतो: तुलना कोणाशी? नैराश्यावरची एसएसआरआय गटातली औषधे घेणाऱ्या गरोदर स्त्रिया आणि न घेणाऱ्या स्त्रिया यांच्यात फक्त गोळीचाच फरक नसतो. औषध घेणाऱ्यांत धूम्रपान, मधुमेह, स्थूलता, इतर औषधे यांचे प्रमाण जास्त असू शकते आणि मुळात त्यांना नैराश्य असते, जे स्वतःच गर्भारपणावर परिणाम करते. २००५ मध्ये यातल्या पॅरॉक्सेटीन या औषधाबाबत हृदयदोषाचा इशारा निघाला आणि संपूर्ण गटाकडेच संशयाने पाहिले जाऊ लागले. २०१४ मध्ये क्रिस्टा ह्यूब्रेक्ट्स यांच्या गटाने साडेनऊ लाखांच्या आसपास गर्भारपणांची माहिती पायरीपायरीने तपासली. सरळ तुलनेत एसएसआरआय घेणाऱ्यांच्या बाळांत हृदयदोषाचा धोका २५ टक्क्यांनी जास्त दिसला. तुलना फक्त नैराश्य असलेल्या स्त्रियांपुरती ठेवल्यावर ही वाढ १२ टक्क्यांवर आली. इतर ज्ञात फरक वजा केल्यावर ती ६ टक्के उरली, आणि इतका फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो. जो दोष गोळीच्या माथी मारला जात होता, त्यातला बराचसा आजाराचा आणि त्या आजारासोबत येणाऱ्या परिस्थितीचा होता. गरोदरपणातल्या या औषधांमुळे मुलांत स्वमग्नता येते का, या प्रश्नातही असेच घडले. साध्या तुलनेत संबंध दिसत होता; २०१७ मध्ये कॅनडा आणि स्वीडनमधल्या मोठ्या अभ्यासांनी एकाच आईच्या मुलांची आपसात तुलना केली, म्हणजे एका खेपेला औषध घेतलेले आणि दुसऱ्या खेपेला न घेतलेले, तेव्हा तो संबंध टिकला नाही.

तुलनेतला हा घोटाळा उलट्या दिशेनेही होतो, आणि स्त्रियांच्या आरोग्यातले त्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण रजोनिवृत्तीनंतरच्या हार्मोन उपचारांचे आहे. अमेरिकेतल्या परिचारिकांच्या दीर्घ अभ्यासात १९९१ मध्ये असे दिसले की इस्ट्रोजेन घेणाऱ्यांत हृदयविकार जवळपास निम्मा होता. ती औषधे हृदयाच्या रक्षणासाठी लिहून दिली जाऊ लागली. मग सोळा हजारांहून अधिक स्त्रियांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे गट पाडून चाचणी झाली आणि २००२ मध्ये ती मुदतीआधीच थांबवावी लागली. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन एकत्र घेणाऱ्यांत हृदयविकार, पक्षाघात आणि स्तनाचा कर्करोग किंचित जास्त निघाला. आधीच्या अभ्यासात हार्मोन घेणाऱ्या स्त्रिया मुळातच जास्त सुस्थितीतल्या आणि तब्येत सांभाळणाऱ्या होत्या, हे त्यामागचे एक मोठे कारण. पुढे वयोगटानुसार फोड केल्यावर हेही दिसले की साठीच्या आतल्या आणि रजोनिवृत्तीला दहा वर्षे न झालेल्या स्त्रियांत तीव्र त्रासासाठी हे उपचार देण्याचा हिशेब बऱ्याच अंशी फायद्याचा ठरतो. पुराव्याचे पुनरावलोकन एकदा करून संपत नाही, ते असे.

इथवर वाचून कोणी म्हणेल, ‘म्हणजे सगळी भीती खोटीच, पुरावा तपासला की औषध निर्दोष सुटते.’ तसे मुळीच नाही, आणि व्हॅल्प्रोएटचा इतिहास त्याचे उत्तर आहे. फिट्सवर आणि बायपोलर आजारातल्या उन्मादावर दिले जाणारे हे औषध. १९८२ मध्ये फ्रान्समधल्या लियों शहरातील जन्मदोषांच्या नोंदींतून असे लक्षात आले की ते घेणाऱ्या मातांच्या बाळांत पाठीच्या कण्याचा दोष जास्त आढळतो. पुढे इतर व्यंगेही दिसू लागली; आज दहापैकी सुमारे एका बाळात मोठे व्यंग असा अंदाज आहे. त्याहून चिंतेची गोष्ट मेंदूच्या वाढीची होती. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये फिट्सवरची वेगवेगळी औषधे घेणाऱ्या मातांची मुले सहा वर्षांची होईपर्यंत तपासली गेली. २०१३ मध्ये आलेल्या निष्कर्षांत व्हॅल्प्रोएट गटातल्या मुलांचा सरासरी बुद्ध्यंक ९७ होता, तर इतर तीन औषधांच्या गटांत १०५ ते १०८. इथे तुलना औषध घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या मातांची नव्हती. सगळ्या मातांना आजार तोच होता, त्यामुळे फरकाचे खापर आजारावर फोडता येत नव्हते. एसएसआरआयवरचा आरोप ज्या कसोटीत विरघळला, त्याच कसोटीत व्हॅल्प्रोएटवरचा आरोप पक्का झाला. तरीही युरोपात त्यावर कडक निर्बंध यायला २०१८ उजाडले आणि मूल होऊ शकणाऱ्या वयाच्या स्त्रियांना व मुलींना ते देऊ नये असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले. पुरावा हाती असताना तो अमलात यायला झालेल्या या उशिराची किंमत मुलांनी मोजली.

तिसरा प्रश्न सहसा विचारलाच जात नाही: औषध न दिल्यास काय होते? गोळी बंद केली म्हणजे धोका शून्यावर आला, असे आपण गृहीत धरतो. वास्तवात आजार तसाच राहतो किंवा उलटतो. २००६ मधील अमेरिकेतल्या एका अभ्यासात, पूर्वी नैराश्य येऊन गेलेल्या २०१ गरोदर स्त्रियांपैकी ज्यांनी औषध थांबवले त्यांच्यातल्या ६८ टक्क्यांना आजार पुन्हा झाला, चालू ठेवणाऱ्यांत २६ टक्क्यांना. हा आकडा औषधाच्या समर्थनार्थ सतत दिला जातो. म्हणून इथेही तीच शिस्त पाळायला हवी. त्या स्त्रिया विशेष उपचार केंद्रांतल्या, म्हणजे आजार जास्त तीव्र असलेल्या होत्या. २०११ मध्ये सर्वसाधारण दवाखान्यांतून निवडलेल्या ७७८ स्त्रियांच्या अभ्यासात औषध घेणाऱ्या आणि न घेणाऱ्यांत असा ठळक फरक दिसला नाही. दोन्ही अभ्यास खरे असू शकतात: ज्यांचा आजार गंभीर आणि वारंवार उलटणारा आहे त्यांना औषध थांबवणे महागात पडते, ज्यांचा सौम्य आहे त्यांना कदाचित नाही.

आपल्याकडे बाळंतिणींच्या नैराश्याचा आवाका केवढा आहे? २००२ मध्ये विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यातल्या २७० मातांची पाहणी प्रसिद्ध केली, त्यात २३ टक्के ओल्या बाळंतिणींना नैराश्य होते आणि गरिबी, नवऱ्याकडून मारहाण व मुलीचा जन्म यांचा त्याच्याशी संबंध होता. २०१७ मध्ये भारतातल्या ३८ अभ्यासांतील वीस हजारांवर मातांची माहिती एकत्र केली, तेव्हा सरासरी २२ टक्के निघाली. प्रश्नावलीतून निघालेले प्रमाण डॉक्टरच्या निदानापेक्षा जास्त येते, हे ध्यानात ठेवूनही हा आकडा दुर्लक्ष करण्यासारखा नाही.

यावर समंजस आक्षेप असा की औषधाच्या वादात पडायचेच कशाला, समुपदेशन द्यावे. सौम्य आणि मध्यम नैराश्यात हे म्हणणे योग्य आहे, आणि त्यासाठी दक्षिण आशियातच पुरावा उभा राहिला आहे. २००८ मध्ये आतिफ रहमान यांच्या गटाने पाकिस्तानातल्या रावळपिंडीजवळच्या ग्रामीण भागात गावोगावच्या आरोग्यसेविकांना साध्या बोलण्यातून विचारांची दिशा बदलण्याचे तंत्र शिकवले. बाळ सहा महिन्यांचे झाले तेव्हा या सेविकांची सत्रे मिळालेल्या मातांत नैराश्य २३ टक्के उरले, न मिळालेल्यांत ५३ टक्के. जागतिक आरोग्य संघटनेने ती पद्धत पुढे स्वीकारली. नंतर तेच काम आरोग्यसेविकांऐवजी वस्तीतल्या अनुभवी आयांकडे सोपवून गोव्यात आणि रावळपिंडीत पुन्हा तपासले गेले. २०१९ मध्ये निकाल आले: गोव्यात नैराश्यातून बाहेर आलेल्या माता ७३ विरुद्ध ६० टक्के, पाकिस्तानात सहा महिन्यांच्या टप्प्यावर परिणाम क्षीण. उपाय उपयोगी आहे, पण तो कोण देते, किती वेळ देते आणि बाकीच्यांना काय सेवा मिळते यावर त्याचा परिणाम हलतो. फक्त पहिला अभ्यास वाचून योजना आखली, तर निम्म्याहून अधिक आजार हटेल अशी खोटी आशा बांधली जाईल. आणि तीव्र नैराश्यात, उन्मादात किंवा बाळंतपणानंतरच्या मनोविकृतीत निव्वळ बोलण्यावर विसंबणे धोक्याचे आहे.

दुसरा आक्षेप अनुभवी डॉक्टरांकडून येतो: सरासरी रुग्ण कुठेच नसतो, समोर बसलेल्या बाईवर उपचार करायचे असतात, तिथे आकडे काय कामाचे? समोरची बाई एकमेव असते, हे खरेच. तिचा आजार किती तीव्र, आधी किती वेळा उलटला, कोणत्या औषधाने ती सावरली, घरी कोणाचा आधार आहे, हे तिच्या डॉक्टरइतके कोणत्याही अभ्यासाला कळत नाही. पण हृदयदोषासारखी शंभरात एका-दोघांना होणारी गोष्ट एका डॉक्टरच्या अनुभवातून ओळखता येत नाही. गरोदर स्त्रीला लिथियम देण्याची वेळ एखाद्याच्या आयुष्यात मोजक्याच वेळा येते. त्यातले एक बाळ आजारी निघाले तर औषध विषासारखे वाटते, एकही निघाले नाही तर निर्धोक. मोठा पुरावा मर्यादा आखून देतो आणि अनुभव त्या मर्यादेत त्या बाईसाठी वाट काढतो. तिसरा आक्षेप, ‘हे आकडे सामान्य बाईला कसे समजावणार?’, मला मान्य नाही. ‘अशा शंभर बाळंतपणांत एरवी एका बाळाला हा दोष होतो, हे औषध घेतल्यास दोघांना होऊ शकतो, आणि औषध थांबवल्यास तुमचा आजार उलटण्याची शक्यता बरीच मोठी आहे,’ हे वाक्य कोणत्याही आईला समजते. तिला न सांगणे हाच तिच्या वतीने घेतलेला निर्णय ठरतो.

आपल्या देशात यासाठी पाया अगदीच नाही असे नाही. तिरुवनंतपुरममधल्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत १९९८ पासून फिट्स असलेल्या गरोदर स्त्रियांची नोंदवही चालते, आणि ती आधीपासून नाव नोंदवून बाळाच्या वाढीपर्यंत पाठपुरावा करते. म्हणजे छेद पूर्ण ठेवते. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये आई आणि बाळ यांना एकत्र दाखल करून घेणारा विभाग आहे. मानसिक आजारांवरच्या औषधांसाठी अशी नोंद महाराष्ट्रातल्या वैद्यकीय महाविद्यालयांनी एकत्र येऊन ठेवली, तर आपल्या स्त्रियांचे वजन, आहार, रक्तक्षय आणि औषधाची मात्रा यांना लागू पडणारी उत्तरे मिळतील. अमेरिकेतल्या विमा योजनेच्या माहितीवरून त्या उत्तरांचा अंदाज बांधता येतो, खात्री देता येत नाही.

तोवर वाचकाला एवढेच सांगायचे आहे. मानसिक आजारावर उपचार चालू असतील, तर मूल हवे असे ठरवतानाच डॉक्टरांशी बोला, कारण व्हॅल्प्रोएटसारखे औषध बदलायला तीच योग्य वेळ असते. दिवस आधीच गेले असतील, तर कोणाच्याही सांगण्यावरून, इंटरनेटवर वाचून किंवा घाबरून औषध एकदम तोडू नका. त्याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ या दोघांची भेट घ्या. जवळपास मानसोपचारतज्ज्ञ नसेल, तर सरकारच्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विचारता येते. आणि कोणी धोक्याचा आकडा सांगितला, तर तो शंभरात किती, कोणाच्या तुलनेत आणि औषध न घेतल्यास काय, हे निःसंकोच विचारा. ज्या डॉक्टरला उत्तर माहीत आहे तो ते देईल. ज्याला माहीत नाही त्याने शोधून सांगावे, हा तुमचा हक्क आहे.